पेंडीतलं प्रथिन अंगाला लागतं का?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की पोल्ट्रीतले पक्षी वाढत नसतील तर खाद्यातलं प्रथिन वाढवण्याआधी एक पक्षी उघडून त्याचं आतडं बघा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच देते आहे. काही पत्रांत राग आहे, काहींत शंका आहेत आणि काहींत विष्ठेचे फोटो. (फोटो पाठवणाऱ्यांनी कृपया ते उजेडात काढावेत.) बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली आहे, ती पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मॅडम, ब्रॉयलरचं स्टार्टर खाद्य दोन ठिकाणांहून घेतलं आणि दोन्ही तपासून घेतलं. दोन्हींत प्रथिन २३ टक्के आलं. तरी एका खाद्यावरचे पक्षी सरस आणि दुसऱ्यावरचे मागे, त्यातही लहान-मोठे. प्रयोगशाळेचं चुकलं का?

प्रयोगशाळेचं काही चुकलं नाही. तिनं मोजला तो नायट्रोजन. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवलेली पद्धत आजही थोड्याफार फरकानं वापरतात. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो मोजायचा आणि आलेल्या नायट्रोजनला ६.२५ नं गुणायचं. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो म्हणून हा गुणक. पण तो नायट्रोजन सोयाबीनचा, पिसांचा की आणखी कशाचा, हे या हिशेबात येतच नाही. निव्वळ युरिया तपासायला दिलात तर ‘प्रथिन २८७ टक्के’ असा रिपोर्ट हातात पडेल.

आता तेच खाद्य पक्ष्याच्या पोटात काय करतं ते बघा. गळ्याच्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये, ते भिजतं आणि थांबतं. प्रथिनाचं पचन तिथं जवळपास होतच नाही. पुढे ग्रंथीजठर, म्हणजे आम्ल पाझरणारं पहिलं जठर. आपल्या जठरात आम्ल एका प्रकारच्या पेशी करतात आणि प्रथिन तोडणाऱ्या पेप्सिनचा कच्चा माल दुसऱ्या. कोंबडीत ही दोन्ही कामं एकच पेशी करते. पण ग्रंथीजठरात अन्न फार वेळ रेंगाळत नाही. आम्ल आणि पेप्सिन खरं काम करतात ते पुढच्या पेषणीत, म्हणजे गिझार्डमध्ये. तिथं सामू (आम्लतेचं माप, पीएच) साधारण २ ते ३.५ च्या दरम्यान असतो, दळणही चालू असतं आणि प्रथिनाच्या गुंडाळ्या उलगडतात, तुटायला लागतात.

पेषणीच्या पुढे आतड्याचा पहिला वळसा येतो आणि त्या वळशाच्या मधोमध स्वादुपिंडाची फिकट गुलाबी पट्टी पडलेली असते. पोस्टमॉर्टेमला बसलात तर सगळ्यात आधी ती शोधा, खुणेला फार बरी. स्वादुपिंड आपली प्रथिन तोडणारी विकरं निष्क्रिय रूपातच पाठवतं, नाहीतर त्यानं स्वतःलाच पचवलं असतं. आतड्याच्या अस्तरावरचं एक विकर त्यातल्या ट्रिप्सिनला जागं करतं आणि जागं झालेलं ट्रिप्सिन बाकीच्यांना. म्हणजे अस्तर सोललेलं, सुजलेलं असेल तर ही साखळी पहिल्याच कडीला अडते.

शेवटी प्रथिनाचे जे बारीक तुकडे होतात ते सगळेच्या सगळे एकेकटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या सुट्या विटा, होईपर्यंत थांबत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन अमिनो आम्लांच्या साखळ्या पेप-टी-१ नावाच्या वाहकामार्फत तशाच आतड्याच्या पेशीत शिरतात आणि पुष्कळदा सुट्या अमिनो आम्लांपेक्षा लवकर शिरतात. उरलेलं तोडकाम पेशीच्या आत होतं. हे सगळं उरकायला वेळ थोडा. ब्रॉयलरनं खाल्लेल्या खाद्याचा बराचसा भाग चार ते सहा तासांत बाहेर पडतो आणि त्यातही लहान आतड्याच्या वाट्याला येणारे तास कमीच. सावकाश पचणाऱ्या प्रथिनाला गाडी चुकते.

तुमच्या दोन खाद्यांतला फरक इथंच कुठेतरी असणार. पिसांच्या कुटीत ‘प्रथिन’ ८० टक्क्यांच्या वर असतं, पण ते केराटिन, नखा-केसांतलं चिवट प्रथिन. गंधकाच्या बंधांनी इतकं जखडलेलं की दाबाखालच्या वाफेत नीट शिजवलं नाही तर आत गेलं तसं बाहेर येतं. सोया पेंड जादा भाजली तर तिच्यातलं लायसीन हे अमिनो आम्ल साखरेला चिकटून बसतं. ते पक्ष्याला मिळत नाही. प्रयोगशाळेतल्या आम्लात मात्र त्यातलं काही सुटतं, म्हणून अमिनो आम्लांचा महागडा रिपोर्टसुद्धा अशा पेंडीला गोड बोलतो.

आणखी एक हिशेब लोक धरतच नाहीत. आतडं आधी आपली मजुरी कापून घेतं आणि उरेल ते छातीच्या मांसाला जातं. पिल्लाच्या आतड्याच्या पेशी दोन ते चार दिवसांत झडतात, नव्या येतात. वरून बुळबुळीत श्लेष्मा सतत पाझरत असतो, विकरं गळत असतात. हे सगळं प्रथिनच. त्यातलं बरंचसं पुन्हा पचून परत येतं, पण श्लेष्म्याचं प्रथिन सहसा परत येत नाही आणि त्यात थ्रिओनिन हे अमिनो आम्ल ठासून भरलेलं असतं. निरोगी आतड्याची ही कापणी ठरलेली असते. आजारी आतडं किती कापेल याला धरबंध नाही. तुमच्या दुसऱ्या शेडमध्ये पक्षी लहान-मोठे आहेत, ते वाचून मला खाद्याइतकाच आतड्याचाही संशय येतो.

तेव्हा खाद्यवाल्याला एकूण प्रथिन विचारू नका. पचणारं लायसीन किती, पचणारं मिथिओनिन अधिक सिस्टिन (ही दोन्ही गंधक असलेली अमिनो आम्लं) किती आणि प्रथिनाचा स्रोत कोणता, हे विचारा. ‘पचणारं’ हा आकडा विष्ठेवरून काढत नाहीत. कोंबडीची लघवी आणि विष्ठा एकाच वाटेनं येते, शिवाय मागच्या आतड्यातले जिवाणू अमिनो आम्लांची उलथापालथ करून ठेवतात. म्हणून खाद्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखा न पचणारा पदार्थ मोजून मिसळतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला मालच तपासतात. हा उपद्व्याप शेडवर करता येत नाही. पण खाद्य बनवणाऱ्याकडे त्याचे तक्ते असतात, ते मागायला लाजू नका.

प्रश्न : गायीला युरिया चालतो, मग कोंबडीला थोडा का नाही? जिवाणू तर कोंबडीच्या पोटातही असतात.

असतात, पण चुकीच्या टोकाला. गायीचे जिवाणू पहिल्या कप्प्यात बसलेले. ते युरियापासून स्वतःचं प्रथिन बनवतात आणि पुढे चौथ्या कप्प्यात व आतड्यात गाय त्या जिवाणूंनाच पचवते. कोंबडीचे बहुतेक जिवाणू लहान आतड्याच्या पुढे, दोन आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या, आतड्यांत राहतात. तिथं प्रथिन बनलं तरी ते पचवायला पुढे आतडंच उरत नाही, सगळं शीटेबरोबर जातं. युरिया देऊ नका.

प्रश्न : खाद्य जितकं बारीक तितकं पचायला सोपं, असं मी धरून चालतो. म्हणून मका अगदी पिठासारखा दळून घेतो. तुम्ही भरड ठेवा म्हणता. दात नसलेल्या प्राण्याला भरड?

दात नाहीत म्हणूनच. मी शेडवर जाते ती कात्री घेऊन. पिठाळ खाद्यावरच्या पक्ष्याची पेषणी हातात घेतली की बोटांनी दाबली जाते; स्नायूची भिंत पातळ, आत पातळ पेज, आणि तिच्या अलीकडचं ग्रंथीजठर फुगून एवढं ढिलं झालेलं की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. भरड खाद्यावरच्या पक्ष्याची पेषणी कापताना कात्रीला जोर लावावा लागतो. आत कोरडसर, घट्ट माल असतो आणि पिवळं कातडीसारखं अस्तर जाड, सुरकुतलेलं, कडेनं धरून ओढलं तर अख्खं सोलून येतं. दोन पक्ष्यांचं वय एकच असतं.

प्रथिनाशी याचा संबंध असा. दाणा ठरावीक बारीक झाल्याशिवाय धडधाकट पेषणी त्याला पुढे सोडत नाही. तेवढा वेळ त्या प्रथिनाला आम्ल आणि पेप्सिन मिळतं. शिवाय ती मधूनमधून पहिल्या वळशातला माल उलटा मागे ओढून घेते आणि पुन्हा घुसळते. पक्ष्यांच्या आतड्यात ही उलटी चाल नेहमीची आहे. पिठाळ खाद्यावर पेषणीला कामच नाही. ती आक्रसते, माल सरळ वाहून जातो, सामू चढतो आणि अर्धवट उलगडलेलं प्रथिन ट्रिप्सिनच्या गळ्यात पडतं. आम्लाची धार गेली की खाद्यातून आलेले जिवाणूही जिवंत पुढे जातात, ते वेगळंच.

पण म्हणून मका नुसता फोडून टाकू नका. फार मोठे तुकडे ठेवले तर पक्षी ते वेचून खातात आणि भांड्याच्या तळाशी जो भुगा उरतो त्यातच तुमचं प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण), लायसीन आणि मिथिओनिन असतं. पहिल्या आठवड्यात बारीक चुरा ठीक आहे, नंतर मक्याचा काही भाग भरड ठेवा. दोन-तीन टक्के ओटचं किंवा भाताचं तूस घातलं तरी पेषणी चांगली धरते. पोषण त्यात शून्य, पण ते पेषणीला कामाला लावतं.

गोळी खाद्य वापरणाऱ्यांनी फसू नये. गोळी कितीही टणक असली तरी क्रॉपमध्ये विरघळते; आतला दाणा किती जाड, यावर पेषणीचं भवितव्य ठरतं. मूठभर गोळ्या पाण्यात भिजवा, चाळणीवर धुवा आणि वर काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही तर उत्तर मिळालं.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी जाता जाता एक : चुनखडी सगळी पावडर करून घालू नका. बारीक चुनखडी आम्ल पिऊन टाकते. जाड खडे पेषणीत टिकतात, हळूहळू विरघळतात आणि रात्री कवच तयार होताना कॅल्शियमही त्यातूनच मिळतं.

याच पत्रात शेवटी ‘एका पक्ष्याच्या पेषणीत काळे व्रण दिसले’ असं लिहिलं आहे. खाद्यात मासळीची कुटी असेल तर ती आधी बंद करा. कुटी जादा तापली की तिच्यातून गिझरोसिन नावाचं संयुग तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९८३ साली शोधून काढलं. त्यानं आम्लाचा पाझर इतका वाढतो की पेषणीचं अस्तरच जळतं. पक्षी काळपट ओकतो. प्रथिन म्हणून उत्तम असलेला माल भट्टीत कसा बिघडतो त्याचं याहून वाईट उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रश्न : शेतातलं सोयाबीन दळून थेट खाद्यात घातलं. पेंडीपेक्षा ताजं, तेलही जास्त. पण पिल्लं वाढेनात. आमच्याकडच्या मोठ्या कोंबड्यांना तेच खाऊन फारसं काही झालं नाही. असं का?

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारी दोन प्रथिनं असतात. ती ट्रिप्सिनला घट्ट धरून बसतात, त्यामुळे प्रथिन तुटत नाही. ऑसबॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी जोडीनं १९१७ सालीच उंदरांवर दाखवलं होतं की सोयाबीन शिजवल्याशिवाय त्यावर वाढ होत नाही. तेव्हा ताजेपणाचा मुद्दा सोडून द्या.

खरी गंमत पुढे आहे. आतड्यात मोकळं ट्रिप्सिन कमी दिसलं की स्वादुपिंडाला ‘आणखी पाठव’ असा निरोप जातो. ते पाठवत राहतं आणि पाठवता पाठवता स्वतः वाढतं. एखादं पिल्लू मेलं असेल तर पहिल्या वळशातली ती गुलाबी पट्टी बघा, नेहमीपेक्षा रुंद आणि जाड दिसेल. या वाया गेलेल्या विकरांत सिस्टिन भरपूर असतं. सिस्टिन बनतं मिथिओनिनपासून आणि सोयाबीनमध्ये नेमकं मिथिओनिनच तोकडं. म्हणजे खाद्यातलं प्रथिन पचलं नाही ते वेगळं आणि पिल्लाच्या अंगातलं मिथिओनिन शीटेतून गेलं ते वेगळं. मोठ्या पक्ष्याला हा मार बराच सोसतो, कारण त्याचं आतडं आणि स्वादुपिंड तयार झालेलं असतं आणि वाढीसाठी त्याला प्रथिन कमी लागतं. पिल्लाला सोसत नाही.

सोयाबीन भाजा किंवा वाफवा, पण डोळ्यांच्या अंदाजानं नको. युरिएज चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. सोयाबीनमधलं युरिएज हे विकर आणि हे अडवे उष्णतेनं साधारण बरोबरच मरतात, म्हणून युरिएज किती उरलं यावरून अंदाज येतो. युरिएजमुळे चाचणीच्या द्रावणाचा सामू चढतो; तो फरक ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान आला तर माल बरोबर भाजला गेला आहे. पण ही चाचणी कच्चेपणा पकडते, करपलेपणा पकडत नाही. शून्य आलं म्हणून खूश होऊ नका. करपलंय का ते बघायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात किती प्रथिन विरघळतं ते मोजतात. ७५ ते ८५ टक्के विरघळलं तर ठीक, ७० च्या खाली गेलं तर लायसीन मेलं समजा. कच्च्यावर पुन्हा भट्टी हा उपाय आहे, करपलेल्यावर काहीच नाही.

प्रश्न : पक्षी मागे पडले म्हणून पेंड वाढवली, प्रथिन दोन टक्क्यांनी वर नेलं. वजन वाढलं नाहीच, उलट गादी (शेडमधलं जमिनीवरचं अंथरूण) ओली झाली. अमोनियानं डोळे झोंबतात आणि पक्ष्यांच्या तळपायांना काळे चट्टे पडलेत.

आधी पाण्याच्या निपल बघा. गळक्या निपलचा दोष मी पुष्कळदा खाद्यावर आलेला पाहिला आहे. त्या ठीक असतील तर पुढे वाचा.

अंगाला लागेल त्याहून जास्त प्रथिन दिलं की ते साठवायला कोंबडीकडे कोठार नाही. जादा अमिनो आम्लं मोडली जातात आणि त्यांचा नायट्रोजन बाहेर टाकावा लागतो. आपण तो युरियाच्या रूपानं टाकतो. पक्ष्याकडे ते युरियाचं चक्र नाही (म्हणूनच आर्जिनिन त्याला खाद्यातूनच द्यावं लागतं), तो युरिक आम्ल बनवतो. शीटेवरची पांढरी टोपी ती हीच. युरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे चार अणू जातात आणि तो रेणू बांधायला ग्लायसीनचा एक रेणू खर्ची पडतो. नको असलेलं प्रथिन फेकायला पुन्हा अमिनो आम्लच मोजायचं. मूत्रपिंडावर भार येतो, पक्षी पाणी जास्त पितो. त्यात सोया पेंडीत पोटॅशियम दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पेंड वाढली की तेही वाढलं, तहान आणखी वाढली. ओल्या गादीत जिवाणू युरिक आम्लाचा अमोनिया करतात. तुमचे डोळे झोंबतात ती पेंड तुम्ही विकत आणलेली आहे.

हे झालं शोषलेल्या प्रथिनाचं. न पचलेलं प्रथिन त्याहून वाईट. ते मागच्या आतड्यात पोहोचतं आणि तिथले जिवाणू त्याला कुजवतात. अमोनिया, अमाइन्स, इंडोल, स्कॅटोल, हायड्रोजन सल्फाइड असा सगळा दुर्गंधी संसार. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूला तर ही मेजवानीच, कारण बरीचशी अमिनो आम्लं तो स्वतः बनवू शकत नाही, त्याला आयती लागतात. हा जिवाणू थोड्या संख्येनं निरोगी पक्ष्यातही असतो. संख्या भडकली की आतड्याचं अस्तर मरतं, उघडल्यावर ते खरखरीत टॉवेलसारखं दिसतं आणि मरतुक सुरू होते. प्रयोगशाळेत हा रोग मुद्दाम घडवायचा असतो तेव्हा संशोधक पक्ष्यांना कॉक्सीचा (आतड्याचं अस्तर फोडणाऱ्या परजीवीचा) डोस देतात आणि खाद्यात मासळीची कुटी भरपूर घालतात. त्यांना हवं असतं ते तुमच्या शेडमध्ये नकळत होऊ नये.

करायचं काय? पेंड पूर्ववत करा. शक्य असेल तर पूर्वीपेक्षाही एक टक्का प्रथिन खाली आणा आणि कमी पडेल ते सुट्या अमिनो आम्लांनी भरून काढा. मका-सोयाच्या खाद्यात पहिलं तोकडं पडतं मिथिओनिन, मग लायसीन, मग थ्रिओनिन, त्यानंतर बहुधा व्हॅलिन. हिशेब लायसीनवर बांधतात. लायसीन १०० धरलं तर पचणारं थ्रिओनिन ६५ ते ६७ च्या आसपास हवं, आणि गादी घाण असेल, आतडी त्रासलेली असतील तर त्याच्या वरच्या बाजूला. श्लेष्मा बनवायला आतड्याला ते लागतं, तिथं काटकसर करू नका. प्रथिन एक टक्क्यानं उतरवलं की शीटेतला नायट्रोजन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. मात्र फार खाली जाऊ नका. लहान पिल्लात ग्लायसीन कमी पडायला लागतं आणि वाढ पुन्हा अडते.

प्रश्न : पिल्लांच्या पोटात दोन-तीन दिवसांचं बलक शिल्लक असतं, मग आल्याबरोबर खाद्य टाकायची घाई कशाला?

बलक असतं हे खरं. उबून बाहेर आलेल्या पिल्लाच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा अधिकच. पण ते जगण्यापुरतं आहे, आतडं बांधण्यापुरतं नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं आतडं बाकी शरीरापेक्षा झपाट्यानं वाढतं. अस्तरावरच्या रसांकुरांची (अन्न शोषणाऱ्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांची) उंची आणि त्यांचं क्षेत्रफळ याच दिवसांत ठरतं. ही वाढ सुरू व्हायला आतड्यात प्रत्यक्ष अन्न यावं लागतं. ट्रिप्सिनचा पाझरही खाल्लेल्या खाद्याबरोबरच वाढत जातो. दीड-दोन दिवस उपाशी राहिलेल्या पिल्लाचे रसांकुर खुजे राहतात आणि महागडं प्री-स्टार्टर नंतर कितीही घातलं तरी ते शोषायला जागाच कमी असते.

उलटं वाटेल, पण खाल्लेलं पिल्लू बलक लवकर संपवतं. आतडं हलायला लागलं की बलक देठातून आतड्यात ढकललं जातं. त्या देठाची खूण मोठ्या कोंबडीच्या आतड्याच्या मध्यावर बारीक कोंबासारखी शिल्लक राहते, पोस्टमॉर्टेमला दिसेल. शिवाय बलकातल्या प्रथिनाचा एक भाग म्हणजे आईकडून आलेली प्रतिद्रव्यं. ती रोगाशी लढण्यासाठी आहेत, भूक भागवायला जाळली तर नुकसान तुमचंच.

पिल्लं उतरवल्यावर चोवीस तासांनी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काही पिल्लं उचला आणि गळ्याखाली बोट लावा. शंभरातल्या पंचाण्णवांची पिशवी भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. टणक लागली तर पाणी कमी पडतंय. रिकामी असेल तर बहुतेक वेळा ब्रूडरखाली थंडी आहे. गारठलेलं पिल्लू खाद्यापाशी जात नाही.

प्रश्न : मधूनच चॉकलेटी, चिकट, घाण वासाची शीट दिसते. फोटो पाठवत आहे. जुलाब का?

नाही. ती आंधळ्या आतड्यांची शीट आहे. दिवसात काही वेळा ती आतडी रिकामी होतात आणि असंच दिसतं. बाहेर पडायच्या वाटेवरून लघवी उलटी मागे या आतड्यांत जाते, तिथले जिवाणू युरिक आम्ल मोडतात, म्हणून वास. फेसाळ, पिवळट, रक्ताची किंवा न पचलेल्या दाण्यांची शीट दिसली तर लिहा. हा फोटो सुंदर आहे.

प्रश्न : बॅचला कॉक्सी होऊन गेला, औषधानं मरतुक थांबली. दोन आठवडे झाले तरी वजन मागेच. दुकानदार अमिनो आम्लांचं टॉनिक पाण्यातून द्या म्हणतो. द्यावं का?

कॉक्सी कुठल्या भागात होता यावर बरंच अवलंबून. आंधळ्या आतड्यांतला रक्ताचा कॉक्सी भीतीदायक दिसतो, पण प्रथिन शोषणाच्या दृष्टीनं त्याचं नुकसान कमी, कारण शोषण मुख्यतः लहान आतड्यात होतं. पहिल्या वळशात पांढरे आडवे पट्टे पडणारा किंवा मधल्या आतड्यात नारिंगी श्लेष्मा आणणारा कॉक्सी कमी मारतो आणि जास्त लुटतो. पेशी फुटतात, त्यांच्याबरोबर अमिनो आम्लं आणि छोट्या साखळ्या आत ओढणारे वाहकही जातात. जखमेतून रक्तातलं प्रथिन आतड्यात पाझरतं आणि मघाशी सांगितलेल्या क्लॉस्ट्रिडियमच्या तोंडी पडतं. श्लेष्मा वाढतो, त्यात थ्रिओनिन जातं. पक्षीही कमी खातो.

अस्तर भरून यायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढा वेळ द्या. त्या काळात प्रथिन वाढवू नका. असलेलं प्रथिन पचायला सोपं करा. मांसाची किंवा पिसांची कुटी असेल तर काढा, चांगल्या भाजणीची पेंड ठेवा, थ्रिओनिन थोडं वर न्या. गादी कोरडी करा, नाहीतर तेच पक्षी कॉक्सीच्या त्याच बीजकोशांवर पुन्हा जेवतील. टॉनिकच्या बाटलीत काय आहे ते लेबलवर ग्रॅममध्ये वाचा आणि शेड एका दिवसात किती किलो खाद्य खाते त्याच्याशी ताडून बघा. बहुतेक बाटल्या त्या हिशेबात दिसतसुद्धा नाहीत. दुकानदाराला राग येईल, येऊ दे. आणि दोन आठवड्यांनंतरही वजन हलत नसेल तर दोन मागे पडलेले आणि एक चांगला असे तीन पक्षी निवडा, आतड्याचा पहिला वळसा आणि मधला भाग उघडा, तिन्ही शेजारी ठेवून उजेडात फोटो काढा आणि खाद्याच्या लेबलसोबत पाठवा. पुढच्या अंकात त्यावरच लिहीन.